‘मी काय घेऊ?’ हा प्रश्न घेऊन सरांकडे जाऊ नकोस

पत्र

ताई,
मी देवगडजवळच्या गावातली. मुंबईत बी.डेस.च्या, म्हणजे डिझाइनच्या चार वर्षांच्या पदवीच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. सध्या पीएल (परीक्षेच्या अभ्यासाची सुट्टी) चालू आहे म्हणून घरी आलेय, पण आंब्याचा सीझन, त्यामुळे सकाळ पेट्या भरण्यात जाते. परीक्षा १२ मेला संपते आणि १५ मेच्या आत पुढच्या वर्षाचा फॉर्म भरायचाय. मेजर (मुख्य शाखा) कोणतं, मायनर (जोडशाखा) कोणतं, पाचव्या सेमचे इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय) कोणते, सगळं एकदम. सीनियर म्हणतात, कम्युनिकेशन डिझाइन घे आणि यूआय-यूएक्स (ॲप-वेबसाइटच्या पडद्याचं डिझाइन) कर, नोकऱ्या तिथेच आहेत. मला प्रॉडक्ट डिझाइनकडे जावंसं वाटतं, पण दुसऱ्या सेमच्या ‘मटेरियल्स अँड प्रोसेसेस’मध्ये माझी केटी राहिलीय, म्हणजे तो विषय सुटायचा बाकी आहे. गेल्या वर्षी मी बाबांसाठी एक डझनाची पुठ्ठ्याची पेटी डिझाइन केली होती. (पेटीची हकीकत लांब आहे, ती मी उत्तरात घेतली आहे.) आमचे फॅकल्टी ॲडव्हायझर चांगले आहेत, पण पंधराच मिनिटं मिळतात. मागच्या वेळी मी विचारलं, ‘सर, मी काय घेऊ?’ ते म्हणाले, ‘तुला काय हवंय ते ठरवून ये.’ तेच तर ठरत नाहीये. आता १३ तारखेची वेळ मिळालीय. पाचव्या सेमला प्रॉडक्ट आणि कम्युनिकेशन असे दोन्ही स्टुडिओ (हातानं प्रोजेक्ट करायचे मोठे विषय) घेऊन त्यातच केटीही काढून टाकू का? बाबा विचारतात, ‘ह्यां शिकान फुडे करतलंस काय?’ आई म्हणते, तीन वर्षांनी डिग्री घेऊन बाहेर पडता येतं ना? मला कोणालाच नीट उत्तर देता येत नाही.
– पेट्यांमध्ये बसलेली, देवगड

उत्तर

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल होती आणि मी ओळी मोजत होते. यूआय-यूएक्सवर दीड ओळ आहे, तीही सीनियरच्या तोंडची. पेटीवर अकरा ओळी आहेत आणि त्या अकरा ओळींत एकही शब्द उसना नाही. तुझा कल कुठे आहे हे तुला ठाऊक आहे, ते तू लिहूनही टाकलं आहेस. अडलंय ते त्याच्या पुढे: कशाच्या आधी काय यायला हवं आणि कशाला किती वेळ लागतो. ते सोडवता येण्यासारखं आहे, आणि १३ तारखेच्या आत सोडवता येण्यासारखं आहे.

पेटीपासूनच सुरू करते. तू लिहितेस की लेबलची जागा मोकळी राहावी म्हणून हवेची भोकं तू चारही कोपऱ्यांजवळ पाडलीस. पेटी दिसायला छान झाली. बाबांनी शेडमध्ये एकावर एक सहा रचल्या आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यात खालच्या पेटीचे कोपरे दबून आत गेले, वरच्या रांगेतला आंबा घासला गेला. बाबा काही बोलले नाहीत, त्यांनी गुपचूप पुन्हा लाकडी पेटी आणि पेंढा काढला, आणि ते न बोलणं तुला जास्त लागलं.

झालं काय ते सांगते. नालीदार पुठ्ठ्याच्या पेटीवर वरून आलेला भार सगळ्यात जास्त तिच्या चार उभ्या कडा पेलतात. त्या घराच्या खांबांसारख्या. तू भोकं पाडलीस ती नेमकी खांबांना. शिवाय पुठ्ठ्याच्या आतली नाली उभी होती की आडवी, हे तू लिहिलेलं नाहीस. ती उभी असेल तरच भार पेलते, आडवी असेल तर पेटीची दमट वहीसारखी घडी पडते. आणि तिसरी गोष्ट आपल्या हवेची. एप्रिलमधली किनाऱ्यावरची दमट रात्र, आत पिकायला लागलेल्या आंब्याची ऊब आणि त्याला सुटणारा ओलावा, हे सगळं कागद पितो आणि मऊ पडतो. मुंबईतल्या स्टुडिओत टेबलावर ठेवलेली तुझी पेटी म्हणूनच ताठ उभी होती. भोकं बाजूच्या मधल्या भागात घे, कडांपासून आणि झाकणाच्या घडीपासून लांब, आणि लेबल दुसरीकडे हलव.

आता बघ, नाली, भार, ओलावा, कुठे कापायचं आणि कुठे नाही, हे सगळं कोणत्या विषयात शिकवतात? ‘मटेरियल्स अँड प्रोसेसेस’मध्ये. तुझी केटी ज्यात आहे त्यातच. म्हणून ही केटी ‘काढून टाकायची’ गोष्ट समजू नकोस. तुला जिथे जायचंय त्या वाटेवरचा हा पहिलाच साकव आहे.

तेव्हा सगळ्यात आधी निकालपत्र काढ आणि बघ की मार्क कुठे कमी पडलेत, सेमिस्टरच्या लेखी परीक्षेत की इंटर्नलमध्ये, म्हणजे वर्षभराच्या वर्गातल्या कामात? या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लेखीत राहिली असशील तर पुढच्या परीक्षेला पुन्हा बसायचं, एवढंच. अभ्यास घरी बसून होतो. पण इंटर्नलमध्ये राहिली असशील तर नमुने, जोड, शीट्स पुन्हा करून द्यावे लागतील, त्याला वर्कशॉप लागेल, वर्कशॉपच्या सरांची सही लागेल. आणि काही ठिकाणी तो विषय ज्युनियरांबरोबर पुन्हा रजिस्टर करावा लागतो. दुसऱ्या सेमचा विषय म्हणजे तो जानेवारीतच चालणार. तसं असेल तर जुलैत सुरू होणाऱ्या प्रॉडक्ट स्टुडिओला तुला बसू देतात का, हा खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न सीनियरना विचारू नकोस. ‘केटी असली तरी पुढच्या वर्षात जाता येतं’ असं ते सांगतील, आणि ते बरोबरच असेल. पण पुढच्या वर्षात जाता येणं वेगळं आणि अमुक एक स्टुडिओ घेता येणं वेगळं. पहिलं परीक्षेच्या नियमांत असतं, दुसरं त्या स्टुडिओच्या अभ्यासक्रमात पहिल्याच पानावर असतं, जिथे कोणी बघत नाही. ते पान उघड. तरीही शंका राहिली तर परीक्षा विभागाला मेल कर आणि उत्तर लेखी घे.

मी हे इतकं घोळून सांगते आहे, कारण मला याची किंमत एक वर्ष पडली. मी शिकत होते तेव्हा आमच्याकडे धातूकामाचं वर्कशॉप वर्षातून एकदाच, पहिल्या सत्रात चालायचं. मला ते माहीत नव्हतं. मी दुसऱ्या सत्रासाठी ठेवलं. माझ्या फॉर्मवर ज्यांनी सही केली त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही, अर्ध्या मिनिटात फॉर्म परत माझ्या हातात. मीही विचारलं नाही, कारण मला वाटलं, सही झाली म्हणजे बरोबर असणार. शेवटच्या वर्षी एका विषयापायी मी वेंगुर्ल्याला घरी येऊन बसले. त्या वर्षी आईबरोबर ओसरीवर बसून काजू फोडले. बोटांना लागलेला चीक महिनाभर जात नसे. शेजारच्या काकू विचारायच्या, ‘परीक्षा झाली?’ आणि आई उत्तर द्यायच्या आत मी उठून आत जायची. त्यानंतर २४ वर्षं मी स्वतः त्या टेबलाच्या पलीकडे बसले, आणि मुलांच्या फॉर्मवर सही करताना प्रत्येक विषयाखाली बोट ठेवून विचारायचे, ‘हा पुन्हा कधी चालणार आहे?’

तेव्हा १३ तारखेला काय न्यायचं ते सांगते. एक ए-थ्री कागद आडवा धर आणि आठ रकाने पाड, एका सेमला एक. पहिले चार भरून टाक, केटीला गोल कर. मग पाचव्याकडे जाऊ नकोस, थेट आठव्याकडे जा. तिथे तुझा ग्रॅज्युएशन प्रोजेक्ट आहे. तो कशावर असेल हे आज माहीत असण्याची गरज नाही, दोन शक्यता लिही. एक पेटीसारखी हातात धरता येणारी वस्तू, दुसरी पडद्यावरची. मग प्रत्येकीखाली लिही की ते काम करायला लागशील त्या दिवशी तुझ्या हातांना काय काय येत असायला हवं. पेटीसाठी: साहित्याची जाण, मॉडेल बनवणं, टेक्निकल ड्रॉइंग, छपाई आणि खर्चाचा हिशोब, माणसाच्या शरीराची मापं, बोलून आणि बघून माहिती काढणं. पडद्यासाठी: टायपोग्राफी (अक्षरांची निवड आणि मांडणी), इंटरॅक्शन, प्रोटोटाइप, आणि पुन्हा तेच, बोलून आणि बघून माहिती काढणं. आता मागे मागे येत सातव्या, सहाव्या, पाचव्या रकान्यात हे विषय बसवत जा. हे करताना तुझ्या लक्षात येईल की दोन्ही याद्यांत काही गोष्टी सारख्याच आहेत. युजर रिसर्च, म्हणजे तेच बोलून आणि बघून माहिती काढणं, दोन्हीकडे आहे. टायपोग्राफीही दोन्हीकडे आहे, कारण पेटीवर अक्षरं असतात, आणि मुंबईच्या सोसायटीतल्या आजोबांना चष्म्याशिवाय ‘देवगड’ वाचता आलं पाहिजे. असे विषय पाचव्या सेमला घे. ते कुठेही वाया जाणार नाहीत.

दोन स्टुडिओ एकदम घेण्याबद्दल माझं उत्तर स्पष्ट ‘नाही’ आहे. हिशोब करून दाखवते. सध्याच्या शैक्षणिक धोरणाच्या चौकटीत विषयाचं वजन क्रेडिटमध्ये मोजतात: थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे सत्रात १५ तास आणि प्रॅक्टिकलचा एक क्रेडिट म्हणजे ३० तास. सत्र साधारण १५ आठवड्यांचं. म्हणजे थिअरीच्या क्रेडिटला आठवड्याला एक तास, प्रॅक्टिकलच्या क्रेडिटला दोन. सत्राला २० ते २२ क्रेडिट असतात. समज, सहा-सहा क्रेडिटचे दोन स्टुडिओ घेतलेस: आठवड्याला २४ तास. उरलेली १० क्रेडिट थिअरी: १० तास. वर चार क्रेडिटची केटी, तीही वर्कशॉपची: ८ तास. झाले ४२ तास, आणि हे नुसते वर्गात बसण्याचे. स्टुडिओचं काम वर्गात संपत नाही, हे तुला मी सांगायला नको. मॉडेल रात्री चिकटवायचं असतं, प्रिंटवाल्याकडे रांग असते, लोकल असते. आणि दोन्ही स्टुडिओंची ज्युरी, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडणं, एकाच आठवड्यात येते. ती टळत नाही, कारण सगळ्याच मास्तरांना सत्राच्या शेवटीच ज्युरी घ्यायची असते. तुझ्या विद्यापीठातले आकडे थोडे इकडेतिकडे असतील, रीत हीच. एका सत्रात जड स्टुडिओ एकच. बाकी असे विषय घे ज्यांचा भार वाचण्या-लिहिण्याचा आहे. मी रात्र-रात्र जागणारी पुष्कळ मुलं पाहिली आहेत. सकाळी कटर हातात असताना त्यांची बोटं कापलेलीही पाहिली आहेत.

थिअरीतला एखादा विषय ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन करता येतो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१ च्या नियमांप्रमाणे एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय तिथून घेता येतात, पण तुझं विद्यापीठ कोणते मान्य करतं ती यादी आधी बघ. डिझाइनचा इतिहास, मार्केटिंग असे विषय तिथे चालतील. हातानं करायचा विषय तिथून घेऊ नकोस. आणि याच आठवड्यात तुझं अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं (मिळालेले क्रेडिट जमा होतात त्या सरकारी ऑनलाइन नोंदीचं) खातं उघडून बघ की आधीच्या तीन सत्रांचे क्रेडिट जमा झालेत का, नावाचं स्पेलिंग मार्कशीटसारखंच आहे का. एका अक्षरावरून मुलं महिनोन् महिने खेटे घालतात.

आता मेजर. सीनियर चुकीचं सांगत नाहीत. पडद्यावरच्या कामाला आज मागणी आहे, आणि तू ते शिकूच नकोस असं मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट नीट बघ. फिग्मा (पडद्याची डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) शिकायला लॅपटॉप आणि इंटरनेट लागतं, ते देवगडात आहे. सुट्टीत नेटानं बसलीस तर हात बसेल. डिझाइनचे पाठ आणि देशभरातल्या हस्तकलांची टिपणं मोफत हवी असतील तर आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागानं उभं केलेलं ‘डी-सोर्स’ हे संकेतस्थळ आहे. पण पुठ्ठ्यावर डाय मारायचं मशीन, व्हॅक्यूम फॉर्मिंग, लाकडाची लेथ, आणि शेजारी उभं राहून ‘हात तिथून काढ’ म्हणणारा माणूस, हे घरी कुठून आणशील? जे कॉलेजात आहे आणि देवगडात नाही, त्यासाठी कॉलेजातले तास खर्च कर. फी त्याचीच भरते आहेस.

म्हणून माझं मत असं. केटी फक्त लेखीची असेल आणि जुलैच्या आत सुटण्यासारखी असेल, किंवा ती असतानाही स्टुडिओला बसू देत असतील, तर मेजर प्रॉडक्ट घे. टायपोग्राफी आणि इंटरॅक्शन इलेक्टिव्हमधून किंवा मायनरमधून घे. केटी इंटर्नलची असेल आणि जानेवारीशिवाय सुटणार नसेल, तर सरांना विचार की स्टुडिओचा क्रम बदलता येईल का, पाचव्यात इलेक्टिव्ह उरकून सहाव्यापासून प्रॉडक्टचे स्टुडिओ घेता येतील का. अनेकदा हे होऊ शकतं, फक्त कोणी विचारत नाही. तेही झालं नाही तर कम्युनिकेशन मेजर आणि प्रॉडक्ट मायनर घे, आणि मनात कमीपणा धरू नकोस. पॅकेजिंगचं काम दोन्ही दारांतून आत येतं. फक्त त्या वाटेनं गेलीस तर वर्कशॉपचे तास मुद्दाम मागून घ्यावे लागतील. हे ‘जर-तर’ तुझ्या निकालपत्रातल्या एका रकान्यावर टांगलेलं आहे, म्हणूनच म्हटलं, आधी ते काढ.

सरांच्या पंधरा मिनिटांबद्दल. मी दर वर्षी चाळीसेक मुलांची ॲडव्हायझर असायचे. ‘मॅडम, मी काय घेऊ?’ म्हणत कोणी आलं की मला खरंच काही सुचायचं नाही. त्या मुलाला काय येतं, घरी काय परिस्थिती आहे, यातलं काहीच माझ्यासमोर नसायचं. मग मी तोंडात येईल ते सांगायची, आणि ते मला रात्री टोचायचं. पण कोणी चुकीचा का होईना, भरलेला कागद पुढे ठेवला की माझी नजर बरोबर चुकीवर जायची. ‘अरे, हे मास्तर पुढच्या सत्रात रजेवर आहेत.’ ‘हे वर्कशॉप दुरुस्तीसाठी बंद राहणार आहे.’ अशा गोष्टी अभ्यासक्रमाच्या पुस्तकात छापलेल्या नसतात, त्या ॲडव्हायझरच्या डोक्यात असतात आणि कागद बघूनच बाहेर येतात. तुझ्या सरांनी ‘ठरवून ये’ म्हटलं ते तुला झटकायला म्हटलं असेल असं मला वाटत नाही. त्यांना धरायला काहीतरी हवं होतं.

तर कागदाचा फोटो ११ तारखेलाच मेल कर. समोर बसलीस की म्हण, ‘सर, यात चूक कुठे दिसते?’ मग विचार की यातला कोणता विषय पुढच्या वर्षी चालणार नाही. आणि केटीचं सगळं खरं सांग, ते लपवून योजना करता येत नाही. बाहेर आल्यावर, त्याच संध्याकाळी, काय ठरलं ते चार ओळींत सरांना मेल कर आणि आभार मान. तो मेल पुढे कधीतरी तुझ्या कामी येईल.

त्याच भेटीत आणखी एक मागणी कर, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तुमच्या चौकटीत फील्ड प्रोजेक्टचे किंवा ऑन-जॉब ट्रेनिंगचे क्रेडिट असतील. बहुतेक मुलं त्यासाठी मुंबईतल्या एखाद्या ऑफिसात महिनाभर खुर्ची शोधतात. तू घरी ये. चार क्रेडिट म्हणजे १२० तास, दिवसाला सहा तास धरले तर २० दिवस. १६ मेला सुरू केलंस तर ४ जूनला पूर्ण होतात, पाऊस यायच्या तोंडावर, आणि आंब्याचा शेवटही तेव्हाच. जे देवगडात आहे आणि कॉलेजात नाही, ते हेच: बाग, शेड, रचलेल्या पेट्या, आणि त्या पेट्या भरणारे हात. काढणी, आढी, प्रतवारी, पेटी भरणं, टेम्पोत चढवणं, आणि जमलं तर एकदा त्याच पेटीबरोबर वाशीच्या मार्केटपर्यंत जाऊन ती तिथे कशी उतरवतात, कशी फेकतात, हे डोळ्यांनी बघणं. रोज वहीत तास आणि निरीक्षणं लिही. बाबांच्या बागेत काम केलं एवढ्यावर क्रेडिट मिळणार नाहीत, घराबाहेरचा मार्गदर्शक लागेल आणि परवानगी काम सुरू होण्याआधी लागेल. इथे वेंगुर्ल्यात कोकण कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे. त्यांना रीतसर पत्र लिही, विभागप्रमुखांच्या सहीनं.

(हे वाचणाऱ्या इतर मुलांनो, ज्यांच्या घरी आंबा नाही त्यांनाही हे लागू आहे. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळं आणि खेळणी रंगवतात. दशावतारी गंजिफा म्हणजे १० रंगांचे, प्रत्येकी १२ पानांचे, १२० गोल पत्ते, आणि प्रत्येक पान हाताने रंगवलेलं. सेट म्हणजे काय, चिन्ह म्हणजे काय, हे त्याहून चांगलं कुठे शिकाल? पिंगुळीला चित्रं दाखवत गोष्ट सांगायची चित्रकथी आहे. तिथे जाऊन बसा, विचारून बसा, आणि त्या माणसांचा वेळ घेताय हे विसरू नका.)

आईच्या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात देते. नव्या धोरणाच्या चौकटीत तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे. तुझ्या अभ्यासक्रमाला ती लागू आहे का ते विद्यापीठाच्या नियमांत बघ. पुढे आयआयटीत एम.डेस. करायचं झालं तर सीईईडी परीक्षेलाही बारावीनंतरचं किमान तीन वर्षांचं शिक्षण चालतं आणि वयाची अट नाही. क्रेडिट बँकेत जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात. तेव्हा दार बंद होत नाही, हे आईला सांग. पण माझं विचारशील तर थांबू नकोस. तुझा पोर्टफोलिओ चौथ्या वर्षात उभा राहणार आहे. आईला पैशांची काळजी असेल आणि तोंडानं ती वेगळंच बोलत असेल, असंही असू शकतं, तेव्हा तिच्याजवळ बसून विचार. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरचे शिष्यवृत्तीचे अर्ज वेळेत भर. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या काही प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ आहे, केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश असेल तर. तुला ते बसतं का, हे फी विभागात विचारून घे.

आणि बाबा. ‘ह्यां शिकान फुडे करतलंस काय?’ या प्रश्नाला नोकरीचं नाव सांगून उत्तर देऊ नकोस, त्यांना त्यातून काही कळणार नाही. त्यांना लोट्याची गोष्ट सांग. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन नवरा-बायकोनं भारत सरकारला एक अहवाल दिला. त्यात चांगल्या डिझाइनचा नमुना म्हणून त्यांनी आपला साधा लोटा निवडला, आणि तो घडवायचा तर किती प्रश्न पडतील ते लिहिलं. पाणी किती मावेल, डोक्यावर नेताना तोल कसा राहील, ओतताना धार कशी पडेल, आतून घासायला हात जाईल का, किंमत किती. त्या अहवालाच्या पाठोपाठ १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. हे सांगून झालं की बाबांना पेटीबद्दल असेच प्रश्न विचार. किती थर रचता, खालची पेटी किती दिवस दबून राहते, पेंढा कुठे जास्त घालता आणि का, गिऱ्हाइक पेटी उघडतं तेव्हा पहिलं फळ कोणतं दिसावं. एवढ्या वर्षांच्या सीझनमध्ये त्यांनी हे कधी शब्दांत मांडलं नसेल, पण त्यांच्या हातांना सगळं ठाऊक आहे. त्यांची उत्तरं लिहून घे. तुझ्या प्रोजेक्टचं पहिलं पान तेच.

तूर्त मात्र परीक्षेचा अभ्यास. पेट्या सकाळी दहापर्यंत, त्यानंतर बाबांना सांगून उठायचं. ते नाही म्हणणार नाहीत.

कागद झाला की फोटो मलाही पाठव. नवी पेटी केलीस तर तिचाही पाठव, सुटी नको, सहा रचल्यावर तिसऱ्या दिवशी काढलेला, सगळ्यात खालची दिसेल असा.